सीमारेषेलगतची तेहतीस वर्षं

निल्टन सांतोस हा ब्राझीलचा डावा फुलबॅक. फुटबॉलची त्याची जाण एवढी, की मायदेशात त्याला ‘विश्वकोश’ म्हणत. ९ मे १९५६ रोजी वेम्बलीवर तो इंग्लंडविरुद्ध खेळायला उतरला तेव्हा तिशीतला होता, ऐन भरात होता. त्याच्या बाजूने चढाई करणारा इंग्लंडचा उजवा विंगर होता एक्केचाळीस वर्षांचा. केस मागे हटलेले, खांदे किंचित झुकलेले, चेहऱ्यावर पोस्टातल्या कारकुनाची शांतता. त्या माणसाने त्या दुपारी सांतोसला पार हैराण केलं. इंग्लंडने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि तरीही सामना ४-२ असा जिंकला.

गंमत म्हणजे सांतोसला अशा हैराणीची आधीच ओळख झालेली होती. १९५३ मध्ये रिओच्या बोटाफोगो क्लबात एक पोरगा चाचणी द्यायला आला. एक पाय आत वाकलेला, दुसरा बाहेर, आणि डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. त्याला अडवायचं काम सांतोसकडे होतं. पोराने त्याला इतकं नाचवलं, की याला आजच करारात बांधा, उद्या हा समोरच्या संघात गेला तर माझी झोप उडेल, अशा अर्थाचं काहीतरी सांतोसने क्लबच्या मंडळींना सांगितलं, असा किस्सा आहे. किस्सा सांगणाऱ्यांनी त्यात मीठमसाला भरला असेल. पण करार झाला, हे खरं.

तो पोरगा म्हणजे गारिंचा, आणि वेम्बलीवरचा तो कारकून म्हणजे स्टॅन्ली मॅथ्यूज. दोघेही उजवे विंगर. दोघांचीही मुख्य हुलकावणी एकच, आणि ती अख्ख्या जगाला ठाऊक. आत जाण्याचा आव आणायचा आणि बाहेरून निघून जायचं. गारिंचा १९८३ मध्ये वारला तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. मॅथ्यूज पन्नासाव्या वर्षी इंग्लंडच्या पहिल्या विभागात खेळत होता, संपूर्ण सामना, त्याच उजव्या कडेने.

पुढच्या पानांचा विषय मॅथ्यूजची ही कारकीर्द आहे. पण विंगर या धंद्याची रीत समजल्याशिवाय ती फक्त एक विक्रम वाटेल, आणि विक्रमांची यादी वाचून फुटबॉल कळत नाही.

विंगरला मैदानाची अरुंद पट्टी मिळते. एका बाजूला पांढरी सीमारेषा, दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी. मधल्या फळीतल्या माणसाला चारी दिशा मोकळ्या. विंगरला जेमतेम दोन. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. तो थोपवण्यासाठी इंग्लिश क्लबांनी मधला हाफबॅक मागे खेचून दोन फुलबॅकांच्या मध्ये उभा केला. त्यामुळे फुलबॅक कडेला सरकले आणि प्रत्येक विंगरच्या नावावर एकेक पहारेकरी लागला. अकरा विरुद्ध अकरांच्या खेळात ही दोघांची वेगळी कुस्ती सुरू झाली. प्रेक्षकांना ती समजायला डावपेचांचं ज्ञान लागत नसे. कोण कोणाला चकवतोय, हे शेवटच्या रांगेतूनही दिसे. म्हणून विंगर लोकांचा लाडका झाला, आणि नेमका त्याच कारणाने प्रशिक्षकांच्या आणि निवड समितीच्या मनात त्याच्याविषयी पाल चुकचुकत राहिली. हा सर्कस करतोय की फुटबॉल खेळतोय? मॅथ्यूजच्या पाठी हा प्रश्न तीन दशकं लागला होता.

त्याची ती हुलकावणी जरा जवळून पाहू. चेंडू पायाशी आला की तो पळत सुटत नसे. उलट थांबे, किंवा चालत चालत फुलबॅकच्या अंगावर जाई. चेंडू उजव्या बुटाजवळ, दोघांत हाताभराचं अंतर. मग तो कमरेतून डावीकडे झुके. खांदा आत, डोकं आत, जणू आता मैदानाच्या मध्याकडे निघाला. फुलबॅकला ठाऊक असे की हा आव आहे; गेल्या शनिवारी मॅथ्यूजने दुसऱ्या कोणाला असंच फसवल्याचं त्याने वाचलेलं असे. तरीही शरीर ऐकत नाही. त्याचा भार ज्या क्षणी एका पायावर जाई, त्या क्षणी मॅथ्यूज उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू पुढे ढकलून निघालेला असे. पाच-सात पावलांत सगळा निकाल. त्यापुढे तो फार वेगवान नव्हता, आणि असण्याची गरजही नव्हती. गोलरेषेपर्यंत जायचं आणि चेंडू मागे, धावत येणाऱ्या सहकाऱ्याच्या वाटेत सोडायचा, एवढंच काम उरे.

त्याच्या दीर्घायुष्याचं बरंचसं रहस्य इथेच आहे. लांब धावण्यावर जगणारा विंगर तिशीत संपतो. मॅथ्यूजचं भांडवल पहिली काही पावलं आणि समोरच्याचा तोल वाचण्याची नजर हे होतं. नजर वयाबरोबर तेज होते. राहिली ती पावलं. तेवढी जपण्यासाठी त्याने आयुष्य वेठीला धरलं.

ही शिस्त घरातली होती. स्टोक-ऑन-ट्रेंट हा इंग्लंडमधला कुंभारकामाचा प्रदेश. तिथल्या हॅन्ली गावात १ फेब्रुवारी १९१५ रोजी मॅथ्यूज जन्मला. वडील जॅक हे न्हावी आणि व्यावसायिक मुष्टियोद्धेही. पंचक्रोशीत त्यांची ओळखच ‘हॅन्लीचा लढवय्या न्हावी’ अशी. मुलाने रिंगणात उतरावं अशी त्यांची इच्छा होती. ते झालं नाही, पण पहाटे उठून व्यायाम, दीर्घ श्वसन, मोजकं खाणं हे मुलाने उचललं आणि पुढे त्यात भरच घातली. दारू नाही, सिगारेट नाही, सोमवारी उपास. ब्लॅकपूलला राहायला गेल्यावर सकाळी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत धावणं. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला तेव्हा तिथल्या खेळाडूंचे हलके बूट त्याच्या नजरेत भरले. परतल्यावर त्याने तसेच, घोट्याखाली कापलेले पातळ बूट स्वतःसाठी बनवून घेतले. ते काही सामन्यांतच फाटत. इंग्लंडचे बाकी खेळाडू तेव्हा खाणकामगारांना शोभतील असे जोडे घालून चिखल तुडवत होते. (आणि या निर्व्यसनी माणसाचा हसरा चेहरा पन्नासच्या दशकात एका सिगारेटच्या जाहिरातीत झळकत होता. पैशाची गोष्ट पुढे येतेच आहे.)

पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी क्लबच्या कचेरीत आठवड्याला एका पौंडावर पोऱ्या म्हणून लागला. सतराव्या वाढदिवशी व्यावसायिक झाला, पगार ५ पौंड. १९ मार्च १९३२ रोजी बरी क्लबविरुद्ध पहिला लीग सामना. १९३४ मध्ये वेल्सविरुद्ध इंग्लंडकडून पहिला सामना आणि त्यात गोल. इथवर सगळं कोणत्याही गुणी पोराच्या गोष्टीसारखं.

१९३८ मध्ये मात्र काहीतरी अजब घडलं. व्यवस्थापकाशी पटेना म्हणून मॅथ्यूजने दुसऱ्या क्लबात जाण्याची परवानगी मागितली. गावात बातमी फुटली आणि निषेधसभेला तीन हजारांहून जास्त लोक जमले. कारखानदारांनी कामगारांचं कामात लक्ष नसल्याची कुरकूर केली. एक तेवीस वर्षांचा विंगर जातोय म्हणून भट्ट्यांवरचं उत्पादन घसरतंय! तो राहिला. पण क्लबाने हा धडा नीट गिरवला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा खटके उडाले आणि मे १९४७ मध्ये, हंगाम संपत आलेला असताना, स्टोकने त्याला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकलं. त्या वर्षीच्या कडाक्याच्या हिवाळ्यामुळे सामने जूनपर्यंत लांबले होते. १४ जूनला शेफील्ड युनायटेडविरुद्ध शेवटचा सामना जिंकला असता तर स्टोकला इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद मिळालं असतं. ते २-१ ने हरले. ते विजेतेपद स्टोकला आजतागायत मिळालेलं नाही. मॅथ्यूज असता तर जिंकलेच असते, असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण विजेतेपदाच्या उंबरठ्यावर आपला सर्वोत्तम खेळाडू विकणाऱ्या संचालकांना शहाणं म्हणणं कठीण आहे.

त्या ११,५०० पौंडांतलं खेळाडूच्या खिशात काय गेलं, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. बदलीची रक्कम क्लबाची. खेळाडूला मिळायचा तो पगार, आणि पगारावर कमाल मर्यादा होती. तिसाच्या दशकात हंगामात आठवड्याला ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६. ती मर्यादा १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी देऊन मोडून काढली तेव्हा २० पौंडांवर होती. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध विंगर आणि त्याच संघातला तळाचा राखीव गडी यांच्या पगारात फारसा फरक नसे. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच राही. क्लबाने सोडल्याशिवाय तो हलू शकत नसे. प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्याच काळातला दुसरा थोर विंगर. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबाने त्याच्यापुढे १०,००० पौंड, घर आणि मोटार ठेवली. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय संपला. फिनी हाताशी असलेला प्लंबिंगचा धंदा करत राहिला. मॅथ्यूजने ब्लॅकपूलला छोटं हॉटेल चालवलं, बुटांच्या आणि त्या सिगारेटच्या जाहिराती केल्या, उन्हाळ्यात परदेशी प्रदर्शनीय सामने खेळला. पौंड जमले ते असे, मैदानाबाहेर.

मराठी वाचकाला ही रचना अगदीच अनोळखी वाटू नये. मुंबईत टाटा, मफतलाल, एअर इंडिया यांच्या संघांनी कूपरेज मैदान गाजवलं तेव्हा खेळाडू जगत होता नोकरीवर. भारताचा सर्वांत नामवंत उजवा विंगर पी. के. बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये संघाचा कर्णधार, फ्रान्सविरुद्ध गोल करणारा, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही गोल करणारा. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही दिग्गजांना बाजूला ठेवून तो कारकीर्दीचा बहुतेक काळ ईस्टर्न रेल्वेकडून खेळला. पाय थकल्यावरही नोकरी चालू राहते, हा हिशोब विंगरला सर्वांत आधी कळतो.

आता निवड समितीकडे. मॅथ्यूजची इंग्लंडसाठीची कारकीर्द १९३४ ते १९५७ अशी पसरली आहे. शेवटचा सामना डेन्मार्कविरुद्ध कोपनहेगनला, वय बेचाळीस. इतक्या काळात अधिकृत सामने फक्त ५४. युद्धाने सहा-सात वर्षं खाल्ली आणि त्या काळातले सामने हिशोबात धरले नाहीत, हे खरं. पण उरलेल्या वर्षांतही त्याला कितीदा तरी वगळलं, बोलावलं आणि पुन्हा वगळलं. संघ निवडायची समिती, आणि समितीला मॅथ्यूज की फिनी हा वाद फार प्रिय. वास्तविक दोघे एकत्र खेळू शकत होते. फिनी डावीकडेही तितकाच चांगला. १९४७ मध्ये लिस्बनला दोघांना दोन कडांना घेऊन इंग्लंडने पोर्तुगालला १०-० असं बुडवलं होतं. तरी वाद चालूच. १९५० च्या विश्वचषकात अमेरिकेकडून १-० ने हरण्याची नामुष्की आली, त्या संघात मॅथ्यूज नव्हता. १९५६ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी ‘फ्रान्स फुटबॉल’ने पहिला बॅलन डी’ओर जाहीर केला तेव्हा अल्फ्रेडो दी स्तेफानोला तीन गुणांनी मागे टाकून तो मॅथ्यूजला मिळाला. परक्यांना जे दिसत होतं, ते घरच्यांना चष्मा लावूनही दिसेना.

समितीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण आकडे तिच्या हातात होते. लीगच्या जवळपास सातशे सामन्यांत मॅथ्यूजचे गोल ७१. ब्लॅकपूलकडून तर ३७९ सामन्यांत १७. एकेकाळी त्याला गोल करता येत होते. १९३७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध ५-४ च्या सामन्यात त्याने तीन केले होते. पुढे त्याने तो नाद जवळजवळ सोडला. गोलासाठी दिलेल्या पासची नोंद ठेवण्याची तेव्हा पद्धत नव्हती. त्यामुळे त्याच्या खऱ्या कमाईचं खातंच उपलब्ध नाही.

या खात्याचं एक पान मात्र लाखो लोकांनी पाहिलं. एफए कपचा अंतिम सामना, २ मे १९५३. ब्लॅकपूलबरोबर मॅथ्यूज १९४८ आणि १९५१ मध्ये अंतिम सामन्यात हरला होता. वय अडतीस, ही बहुधा शेवटची संधी. राणीचा राज्याभिषेक महिन्यावर आलेला, त्यासाठी घरोघरी टीव्ही संच घेतलेले, आणि त्यांवर हा सामना. समोर बोल्टन. पंचावन्नाव्या मिनिटाला बोल्टन ३-१ ने पुढे. इथे एक गोष्ट दंतकथेतून नेहमी गळते. बोल्टनचा डावा हाफबॅक एरिक बेल सुरुवातीलाच मांडीचा स्नायू दुखावून बसला होता आणि बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. तो कडेला लंगडत उभा राहिला, आणि तशातच त्याने डोक्याने तिसरा गोलही मारला! पुढे डावा फुलबॅक राल्फ बँक्सच्या पायात गोळे यायला लागले. म्हणजे बोल्टनची डावी बाजू, मॅथ्यूजची नेमकी तीच बाजू, खिळखिळी झालेली. ब्लॅकपूलने शहाणपणाने सगळे चेंडू तिकडेच वळवले. स्टॅन मॉर्टेन्सनने अडुसष्टाव्या मिनिटाला दुसरा आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्री किकवर तिसरा गोल केला. वेम्बलीवरच्या एफए कप अंतिम सामन्यातली ती पहिली हॅटट्रिक. आणि दुखापतींच्या भरपाईच्या वेळात मॅथ्यूज पुन्हा एकदा बाहेरून निघाला, गोलरेषेजवळ पोचला, चेंडू मागे सोडला, आणि बिल पेरीने तो जाळ्यात मारला. ४-३.

इतिहासाने त्या सामन्याला ‘मॅथ्यूजचा अंतिम सामना’ असं नाव दिलं. तीन गोल करणाऱ्या मॉर्टेन्सनवर हा अन्याय आहे, आणि खुद्द मॅथ्यूजलाही ते नाव अवघडून टाकी. मॉर्टेन्सन १९९१ मध्ये गेला तेव्हा लोकांत विनोद पसरला, की बहुतेक त्याच्या अंत्ययात्रेलाही मॅथ्यूजचीच म्हणतील.

गारिंचाकडे परत येणं भाग आहे, कारण त्याच्याशिवाय मॅथ्यूजची किंमत कळत नाही. प्रतिभा म्हणून पाहिलं तर गारिंचा मोठा, असं या प्रस्तावनेचं मत आहे. १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक. दुसऱ्यात पेले जखमी होऊन बसल्यावर उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन गोल आणि उपांत्य सामन्यात चिलीविरुद्ध दोन. गारिंचा आणि पेले दोघेही मैदानात असताना ब्राझील एकही सामना हरला नाही. पण त्याच्या गुडघ्यांची कूर्चा झिजत होती आणि बोटाफोगो त्याला प्रदर्शनीय सामन्यांत खेळवून पैसे कमावत होता, कारण पोस्टरवर त्याचं नाव नसेल तर रक्कम घटे. दारूने उरलेलं काम केलं. तिशी ओलांडताना तो खेळाडू म्हणून संपला होता. इंग्लंडच्या क्लबांनीही खेळाडूला पिळलंच. मॅथ्यूज वाचला तो स्वतःच्या शरीराचा ताबा त्याने कोणाला दिला नाही म्हणून.

या ताब्याची शेवटची परीक्षा १९६१ मध्ये झाली. दुसऱ्या विभागात गटांगळ्या खाणाऱ्या स्टोकने सेहेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजला परत आणलं. आधीच्या घरच्या सामन्याला साडेआठ हजारांच्या आसपास माणसं होती. तो परतला त्या दिवशी पस्तीस हजारांहून अधिक. सौदा एका दुपारच्या तिकीटविक्रीत वसूल झाला असेल. हा निव्वळ देखावा असेल, अशी शंका घेणाऱ्यांना १९६३ मध्ये उत्तर मिळालं. स्टोक दुसऱ्या विभागात पहिला आला आणि फुटबॉल लेखकांनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. हाच मान १९४८ मध्ये सुरू झाला तेव्हाचा पहिला मानकरीही तोच होता. १ जानेवारी १९६५ रोजी त्याला ‘सर’ किताब जाहीर झाला, तो खेळत असतानाच. ६ फेब्रुवारीला फुलहॅमविरुद्ध तो शेवटचा लीग सामना खेळला. निवृत्ती जरा लवकरच घेतली, असं तो पुढे म्हणायचा!

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच इंग्लंड विश्वविजेता झाला, तो विंगरांविना. व्यवस्थापक आल्फ रॅम्झीने गटातल्या तीन सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर घेऊन पाहिले आणि बाद फेरीपासून सगळ्यांना बसवलं. हा रॅम्झी पन्नासच्या दशकात इंग्लंडचा उजवा फुलबॅक होता. मॅथ्यूजच्या पाठीमागे खेळलेला. कडेचा कलावंत त्याने जवळून पाहिला होता, आणि त्याचा निष्कर्ष असा निघाला. पुढे बराच काळ जगाने रॅम्झीचंच ऐकलं. विंगर परतला तो वेगळ्या वेषात. आर्येन रॉबेन डावखुरा असून उजवीकडून खेळला, बाहेरून जाण्याऐवजी आत वळून गोल मारायला. रायन गिग्ज मँचेस्टर युनायटेडकडून चाळिशीपर्यंत खेळला, पण उत्तरार्धात मैदानाच्या मध्याकडे सरकून. विंगरने टिकायचं तर कड सोडायची, असा आता शिरस्ताच झाला आहे. मॅथ्यूजने ती कधी सोडली नाही.

वाचकाला एक विनंती. १९५३ च्या त्या अंतिम सामन्याची चित्रफीत आजही पाहायला मिळते. शेवटची वीस मिनिटं दोनदा पाहावीत. पहिल्यांदा सगळे पाहतात तसं मॅथ्यूजकडे. दुसऱ्यांदा शेवटच्या गोलाच्या वेळी नजर दूरच्या बाजूला ठेवावी. तिथून आत धावत आलेला, विजयी गोल मारणारा बिल पेरी हा ब्लॅकपूलचा डावा विंगर होता. मग पहिलं प्रकरण उघडावं.